वीज थोडी, वाटेकरी तीन

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गुरुवारी फेरफटका मारला, तर एरवी ट्रक-टेम्पोंनी गजबजलेले रस्ते बरेच मोकळे आढळतात. बाहेरगावच्या पाहुण्याला याचे नवल वाटते. सुट्टी रविवारची असायची, ती येथे गुरुवारची कशी? याचे उत्तर विजेत आहे. राज्यातील सगळे कारखाने रविवारीच बंद राहिले, तर त्या दिवशी विजेची मागणी एकदम घसरते आणि उरलेले सहा दिवस ती पुरवठ्याच्या वर जाते. म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून देण्यात आले. पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. वीज मोजकी असेल तर कोणाला ती केव्हा आणि किती द्यायची, हे ठरवावेच लागते.

ही वाटणी आठवण्याचे कारण असे. निकाल लागले, आय.टी.आय.चे किंवा पदविकेचे प्रवेश झाले, की पालक शाळेतल्या जुन्या शिक्षकांना गाठतात : "सर, पोराला लॅपटॉप घ्यायचाय. कोणता घेऊ?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात घरातली वर्षभराची बचत गुंतलेली असते. बॅटरी दिवसभर टिकावी, काम झटपट व्हावे आणि पडद्यावरची चित्रे न अडखळता हलावीत, अशी तिहेरी अपेक्षा असते. तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात भरपूर का मिळत नाहीत, हे समजण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

दोन टोके

१९८१ साली अमेरिकेत 'ऑस्बोर्न १' हा संगणक बाजारात आला. तो बनविणाऱ्या अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले होते. शिलाई यंत्राच्या पेटीएवढा हा संगणक हातात धरून नेता येई; मात्र त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा ५ इंचांचा. आत काचेची चित्रनळी आणि चकत्या फिरविणाऱ्या मोटारी होत्या. त्यांची विजेची भूक मोठी असल्याने यंत्रात स्वतःची बॅटरीच नव्हती. जेथे जावे तेथे आधी भिंतीवरचा प्लग शोधावा लागे.

दुसऱ्या टोकाला १९८२ साली जपानच्या एप्सन कंपनीचा 'एचएक्स-२०' आला. वजन जेमतेम १.६ किलो, आकार वहीएवढा आणि बॅटरी सुमारे ५० तास चाले. मग अडचण कोठे होती? पडद्यावर एका वेळी फक्त ४ ओळी आणि ओळीत २० अक्षरे दिसत. चित्रांची हौस त्यावर भागणे कठीणच. पुढच्या वर्षी आलेल्या 'टीआरएस-८० मॉडेल १००'मध्ये ८ ओळी मिळाल्या. त्याला टॉर्चमध्ये घालतो तसले चार लहान सेल पुरत आणि ते २० तासांच्या आसपास टिकत. बातमीदारांना हे यंत्र फार आवडले. त्यांना लिहायचे होते आणि लिहिलेले दूरध्वनीवरून कचेरीत धाडायचे होते; रंगीत चित्रांशी त्यांचे काम नव्हते. आपल्याला काय नको आहे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

घागर एक, नळ तीन

बॅटरीत किती ऊर्जा मावते, हे वॉट-तासांत मोजतात. ५० वॉट-तासांची बॅटरी म्हणजे पाण्याने भरलेली घागर समजा. यंत्र ५ वॉट वापरत असेल तर ती १० तास पुरेल, २५ वॉट वापरत असेल तर २ तास आणि १०० वॉट वापरत असेल तर अर्धाच तास. पडदा, प्रोसेसर आणि चित्रे रंगविणारी ग्राफिक्स चिप हे या घागरीचे तीन मोठे नळ होत.

घागर मोठी करता येणार नाही का? येते, पण फार सावकाश. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली, तेव्हा तिच्या एका किलोत सुमारे ८० वॉट-तास मावत. आज चांगल्या बॅटरीत २५०च्या आसपास मावतात. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत वाढ तिपटीची. उलट १९८९च्या '४८६' प्रोसेसरमध्ये १२ लाख ट्रान्झिस्टर होते, तर अ‍ॅपलच्या २०२० सालच्या 'एम१' चिपमध्ये १,६०० कोटी. ही वाढ तेरा हजार पटींहून अधिक आहे. खाणारी तोंडे अशी वाढली आणि कोठार मात्र तिपटीवरच राहिले.

आता नळांकडे पाहू. 'मॉडेल १००'च्या पडद्यावर २४० गुणिले ६४, म्हणजे १५,३६० ठिपके होते. आजच्या सामान्य पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २० लाखांवर ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. ग्राफिक्सला वीज का लागते, हे यावरून कळेल.

प्रोसेसरचे गणित अधिक मजेदार आहे. त्याला लागणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. समजा, वेग तीन-चतुर्थांश केला आणि त्यामुळे व्होल्टेजही तीन-चतुर्थांशावर आणता आले. मग वीज किती लागेल? ०.७५ चा घन, म्हणजे सुमारे ०.४२. चौथा हिस्सा वेग सोडला आणि निम्म्याहून अधिक वीज वाचली! वेग वाढविताना हाच हिशेब उलटा फिरतो. शिवाय खर्चलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन मांडीवर उतरते. मे २००४ मध्ये इंटेलने आपला 'टेजस' हा अतिवेगवान प्रोसेसर सोडून दिला, त्यामागे विजेची भूक आणि उष्णता यांचाच अडसर होता. त्याआधी, २००३ साली, त्याच कंपनीचा 'पेंटियम एम' लॅपटॉपसाठी आला होता. त्याचे गिगाहर्ट्झ कमी होते. पण दर वॉटमागे तो काम अधिक करी. पुढची वाट त्याच दिशेने गेली.

खैरातची शाळा

या वाटणीचा आपल्या राज्यातील एक धडा शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. गरीब देशांतील प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप द्यावा, अशी योजना अमेरिकेतील निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ साली मांडली. त्या 'एक्सओ' लॅपटॉपचा पडदा मेरी लू जेप्सन यांनी घडविला. मागचा दिवा बंद केला की तो उन्हात कृष्णधवल वाचता येई आणि प्रोसेसर झोपला तरी पडद्यावरचे पान तसेच राही. सर्वसाधारण लॅपटॉपच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात हे यंत्र भागवी. त्याची किंमत गणनशक्तीने मोजली : प्रोसेसर अवघा ४३३ मेगाहर्ट्झचा होता.

शाळांना आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, अशी भूमिका घेऊन भारत सरकारने २००६ साली ही योजना नाकारली. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या छोट्या प्राथमिक शाळेत ही यंत्रे प्रयोगादाखल आली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ते दिवस दीर्घ भारनियमनाचे होते. तेथे कमी विजेत चालणे हा चैनीचा नव्हे, तर यंत्र चालते की नाही याचाच प्रश्न होता. मात्र एका वेळी दोन-चार कामे उघडली की हेच यंत्र रेंगाळे, हेही खरे.

सरकारच्या 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटची गोष्ट निराळी आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या 'आकाश'चा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा होता. बॅटरी लहान, वेग कमी, स्पर्शाचा पडदाही हट्टी. त्यावर पुष्कळ टीका झाली. आय.आय.टी. मुंबईच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या 'आकाश-२' मध्ये प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा झाला आणि पडदा सुधारला. बॅटरी मात्र ३ तासांच्या आसपासच राहिली. 'एक्सओ'मध्ये एक गोष्ट जाणूनबुजून सोडून दुसरी मिळविली होती; पहिल्या 'आकाश'मध्ये किमतीपायी तिन्हींना कात्री लागली. आम्हाला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

पुन्हा भोसरीत

आजच्या चिपमध्येही भोसरीचा गुरुवार आहेच. २०२० च्या 'एम१'मध्ये चार दांडगे गाभे आणि चार काटकसरी गाभे ठेवले आहेत. पत्र लिहिताना काटकसरी गाभे काम करतात, जड काम आले की दांडगे जागे होतात. सगळे भाग सतत पूर्ण ताकदीने चालविणे ना बॅटरीला परवडते, ना उष्णतेला. या युक्तीने वाटणी पुष्कळ सुधारली. पण वाटणी टळली नाही.

म्हणून पालकांना आधी उलट प्रश्न विचारावा : पोरगा हे यंत्र कोठे बसून, कशासाठी वापरणार? साच्यांची त्रिमिती चित्रे काढायला तो एखाद्या टूलरूममध्ये बसणार असेल, तर प्लग शेजारीच असतो. तेथे प्रोसेसर आणि ग्राफिक्सवर पैसे घालावेत, बॅटरी बेताची चालेल. पी.एम.टी.च्या जागी आलेल्या पी.एम.पी.एम.एल.च्या बसने रोज कॉलेजला जाऊन दिवसभर टिपणे घेणाऱ्या मुलीला वेगळ्या ग्राफिक्स चिपचा उपयोग नाही. तिला हलके वजन आणि टिकणारी बॅटरी हवी.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोगही सुचवितो. लॅपटॉपच्या किंवा त्याच्या बॅटरीच्या लेबलवर वॉट-तासांचा आकडा (Wh ऐवजी कधी व्होल्ट आणि अँपिअर-तास असतात; त्यांचा गुणाकार करावा) पाहा. पूर्ण भरलेली बॅटरी एकदा नुसते लेखन करीत आणि एकदा चित्रपट पाहत संपवा. वॉट-तासांना लागलेल्या तासांनी भागले की यंत्राने सरासरी किती वॉट खाल्ले ते निघते. पडद्याचा उजेड अर्धा करून तेच पुन्हा मोजा. जाहिरातीतले 'दिवसभर टिकणारी बॅटरी' हे शब्द नेमक्या कोणत्या दिवसाबद्दल आहेत, ते मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून सांगता येईल.