सराळ्याचे म्हाइंभट आणि मिटलेली पोथी

लीळाचरित्राच्या भाषेविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. परंतु हा ग्रंथ म्हणजे स्मरणाचा एक प्रचंड उद्योग होता, इकडे लक्ष क्वचितच जाते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सराळ्याचे म्हाइंभट चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या सहवासातील एकेका माणसाला गाठत राहिले, ऐकलेले नागदेवाचार्यांकडून पारखून घेत राहिले, आणि १२७८च्या सुमारास ग्रंथ आकारास आला. आठवणी जुळल्या नाहीत, तर कोणाचे म्हणणे काय हेही त्यात नोंदले गेले.

पुढे या ग्रंथाच्या वाट्याला दोन प्रकारचे विस्मरण आले. मूळ प्रत खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. दुसरे विस्मरण सकळ लिपीचे. या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. पोथ्या मठांत सुखरूप होत्या, एक ओळही पुसली गेली नव्हती. पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी उकल करीपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाच्या लेखी त्या नसल्यासारख्याच होत्या.

स्मृतिभ्रंशाविषयीचे विज्ञान समजून घेताना आम्हांला हा भेद फार उपयोगी पडला. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका दिवंगत रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृती मांडल्या. मज्जापेशी मरतात म्हणून आठवणी जातात, ही समजूत तेथून रुजली, आणि ती खोटी नाही. पोथी जळते हे खरेच. मात्र आठवण टिकाऊ व्हायची तर पेशीतील काही जनुके वेळेवर वाचली जाऊन त्यांपासून प्रथिने बनावी लागतात. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल झाली की मजकूर वाचता येतो, घट्ट झाली की मिटतो. या उघडझापीला जनुक-नियमन म्हणतात. मजकुराचे अक्षरही न बदलता वाचन थांबू शकते, ही गोष्ट साहित्याच्या माणसाला तरी नवी वाटू नये.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये ली-ह्युई त्साई यांच्या गटाने २०१२ साली दाखवले, की अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांच्या मेंदूत ही गुंडाळी घट्ट करणारे एचडीएसी२ हे विकर वाढलेले असते. मृत रुग्णांच्या मेंदूतही ते वाढलेले आढळले. उंदरांत त्याचे प्रमाण घटवताच स्मरणशक्ती सुधारली. याच गटाच्या २००७ सालच्या प्रयोगाने तर आम्ही थक्क झालो: पुष्कळ मज्जापेशी नष्ट झाल्यानंतरही, विकरांना रोखणारे औषध दिल्यावर किंवा नुसते खेळकर, विविधतापूर्ण वातावरण लाभल्यावरही, पूर्वी शिकलेले उंदरांना पुन्हा आठवू लागले. म्हणजे ते जळाले नव्हते, मिटले होते.

‘वय झालं’ म्हणून घरातल्या वृद्धाचे प्रकरण बंद करणाऱ्या आपल्या समाजाने हा भेद ध्यानात घ्यावा. अर्थात उंदरांवरून माणसाकडे येणारी वाट लांबची आहे. ही विकरे शरीरभर हजारो जनुकांवर काम करतात. एक कुलूप काढताना नको ती दारे उघडण्याचे भय असते. या मार्गाने जाणारे औषध स्मृतिभ्रंशावर अद्याप रूढ झालेले नाही.