वाघ बघायचा तर हैदराबादला!

मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही विचारून बघा, की पहिला वाघ कुठं पाहिलास? नांदेडचा असेल तर बहुतेक 'हैदराबादच्या झूमध्ये' असं सांगेल. लातूरचा असेल तर हैदराबाद नाहीतर पुण्याचं कात्रज. घरातले आजोबा 'सर्कशीत' म्हणतील. स्वतःच्या जिल्ह्याचं नाव सहसा कुणी घेणार नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ५८ लाखांच्या आसपास होती. एवढ्या माणसांना धड म्हणावं असं एकही प्राणिसंग्रहालय जवळ नाही.

असं का, तर 'मराठवाडा मागास आहे' हे आपलं पाठ झालेलं उत्तर. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं इतिहासात आहे.

महाराष्ट्रातली जुनी प्राणिसंग्रहालयं कुठं आहेत ते बघा. मुंबईची राणीची बाग १८६२ सालची, म्हणजे इंग्रजांच्या इलाख्याच्या राजधानीतली. नागपूरची महाराजबाग मुळात भोसल्यांची. इंग्रजी अमलात तिथं प्राणी आले. पुण्यात पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. पुढे १९५३ मध्ये महापालिकेनं त्याच परिसरात पेशवे पार्क काढलं आणि १९९९ मध्ये कात्रजचं मोठं प्राणिसंग्रहालय सुरू झालं. आधी राजधानी, मग राजाची किंवा लाटसाहेबाची बाग, मग बागेत पिंजरे आणि शेवटी ते सगळं सांभाळणारी महापालिका किंवा संस्था. प्राणी सत्तेच्या मागोमाग आले.

मग नांदेड-लातूरची राजधानी कुठली होती? हैदराबाद. दोनशेहून अधिक वर्षं हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, उदगीर बीदर जिल्ह्यात, किनवट आदिलाबादमध्ये. निजामाचे प्राणी हैदराबादच्या बाग-ए-आममध्ये ठेवलेले असत. आपल्याकडचा शेतसारा तिकडं जायचा आणि त्यातून जी काही हौसमौज व्हायची, तीही तिकडंच.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले: मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेलं आणि कानडी भाग म्हैसूरला मिळाला. आपल्याला आपली भाषा बोलणारं राज्य मिळालं, आणि हा सौदा कुणीही परत फिरवू म्हणणार नाही. पण राजधानी बदलली की जुन्या राजधानीत उभं राहिलेलं काही सोबत येत नाही. उस्मानिया विद्यापीठ तिकडंच राहिलं, मोठी इस्पितळं तिकडंच राहिली. बाग-ए-आममधले प्राणीही तिकडंच राहिले आणि त्यांना नवं घर मिळालं. ६ ऑक्टोबर १९६३ रोजी मीर आलम तलावाशेजारी सुमारे ३८० एकरांवर नेहरू प्राणिसंग्रहालय खुलं झालं. आपण त्या राज्यातून बाहेर पडून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. नांदेडच्या सहली आजही तिकडं जातात, यात नवल काही नाही. नांदेडचा रेल्वे विभागसुद्धा अजून सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे.

मधल्या काळात आपली भूक भागवली ती सर्कशीनं. सर्कस ही खरं तर मराठी माणसाचीच कमाई. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास भारतातली पहिली मोठी सर्कस उभी केली. ज्या गावांत पिंजरे नव्हते तिथं वाघ-सिंह तंबूसोबत यायचे आणि तंबूसोबत निघून जायचे. त्या प्राण्यांचे हाल मोठे होते, म्हणून १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती कायम ठेवली. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मुलांकडून एक करमणूक गेली, तर आपल्याकडची वाघ दिसण्याची एकमेव सोय गेली.

मग आपण आपलं प्राणिसंग्रहालय का नाही काढलं? कारण तोवर उशीर झाला होता. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. त्याच्या मान्यतेशिवाय आता प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पिंजऱ्याचं माप, पशुवैद्य, खाद्य, पाणी, बृहत् आराखडा असं सगळं दाखवावं लागतं. हे नियम प्राण्यांच्या भल्याचेच आहेत. पण जुन्या राजधान्यांनी आधी पिंजरे बांधले आणि नियम नंतर पाळायला घेतले. आपल्याला पहिल्या दिवसापासून सगळी परीक्षा द्यायची आहे.

ती परीक्षा किती अवघड आहे हे छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानाकडे बघून कळतं. महापालिका चालवत असलेलं ते मराठवाड्यातलं एकमेव नाव घेण्याजोगं प्राणिसंग्रहालय. जागा अपुरी असल्यासारख्या कारणांनी २०१८ मध्ये प्राधिकरणानं त्याची मान्यता रद्द केली. महापालिकेनं दाद मागितली, म्हणून ते चालू राहिलं. शहराबाहेर मिटमिट्याला ऐसपैस जागेत प्राणी हलवायचं ठरलं, पण ते काम वर्षानुवर्षं रेंगाळत गेलं. गंमत म्हणजे याच अपुऱ्या जागेत वाघांची पैदास उत्तम झाली. इतकी की २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी इथून मुंबईच्या राणीच्या बागेत गेली. मुंबईची पोरं मराठवाड्याचा वाघ बघून आली आणि आपण हैदराबादची एसटी धरली.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. नवी गोष्ट बांधणं स्वस्त असतं, ती वर्षानुवर्षं चालवणं महाग. 'आमच्या शहरात झू पाहिजे' ही मागणी दर निवडणुकीत करता येईल. पण विसाव्या वर्षी पशुवैद्याचा पगार कोण देणार? मे महिन्यात तळी कशानं भरणार? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला माणसांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या शहरात पाणघोड्याचा हौद बांधायचा तर आधी पाण्याचा हिशेब मांडावा लागेल.

म्हणून काहीच मागायचं नाही का? मागायचं, पण नीट. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ निघाला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असं करत तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची सगळी चाल मोजली तर सुमारे ३,००० किलोमीटर भरते. दिवसा तो ओढ्यात, पिकात दडायचा आणि रात्री चालायचा. आपण हैदराबादला वाघ बघायला जात होतो आणि वाघ आपल्या कापसातून, सोयाबीनमधून जात होता. त्याची वाट उपग्रहानं टिपली. वाटेवरच्या बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही.

सगळ्या मराठवाड्याला मिळून एक चांगलं प्राणिसंग्रहालय हवं. ते मिटमिट्याचं असेल तर नांदेड-लातूरनंही ते आपलं समजून त्याचा पाठपुरावा करावा. आपल्या दोन जिल्ह्यांना मात्र जिराफ नकोत. विहिरीत पडलेल्या कोल्ह्यावर आणि गाडीखाली आलेल्या तरसावर उपचार करणारं, कायमचा डॉक्टर असलेलं केंद्र हवं. त्याच्या आवारात लांडगा, खोकड, काळवीट, माळढोक हे आपल्या माळावरचे प्राणी-पक्षी कोण आणि आता किती उरलेत हे शाळेच्या मुलांना दाखवणारं छोटं दालन हवं. आणि वर्षातून एक सहल हैदराबादऐवजी किनवटच्या जंगलात न्यायला हवी. त्यासाठी ३८० एकर लागत नाहीत.