स्वतःला हाक मारताना

फ्रान्समधल्या त्रुआ या गावी एमिल कुए नावाचा एक औषध दुकानदार होता. जन्म १८५७ चा. दुकानात बसून औषधं देता देता एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. गिऱ्हाइकाच्या हाती नुसती बाटली दिली तर परिणाम एक, आणि 'फार चांगलं औषध आहे हे, गुण येईल बघा' असं म्हणून दिली तर परिणाम वेगळा. बाटली तीच, औषध तेच. मधे फक्त चार शब्द जास्तीचे. आपल्याकडे एखाद्या वैद्याच्या हाताला गुण आहे असं म्हणतात. हा गुण हाताला नसून जिभेला असावा, असा संशय कुएला आला.

त्या काळी नान्सी शहरात लिएबो आणि बर्नहाइम हे दोन डॉक्टर संमोहनाचे प्रयोग करत. कुए त्यांच्याकडून शिकला. पण पुढे त्याला वाटू लागलं, की डॉक्टरनं सांगितलेलं रोग्याच्या मनानं मान्य केलं तरच ते लागू पडतं. मग मधे डॉक्टर तरी कशाला? रोग्यानं स्वतःच स्वतःला सांगावं. १९१० मध्ये तो नान्सीत स्थायिक झाला आणि येईल त्याला ही विद्या शिकवू लागला. फुकट. 'मी कुणाला बरं करत नाही, तुमचं तुम्हीच बरं कसं व्हायचं एवढंच दाखवतो', असं तो वारंवार सांगे.

विद्या म्हणजे एकच वाक्य. दिवसागणिक, सर्व बाजूंनी, आपण सुधारत चाललो आहोत, अशा अर्थाचं. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, डोळे मिटून, आपल्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात ते वीस वेळा म्हणायचं. मोजण्यात लक्ष जाऊ नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी हातात घ्यायची आणि बोटानं एकेक गाठ पुढे सरकवायची. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या घरी तस्बीह होती, शेजारच्या घरी जपमाळ. तस्बीहचे मणी तेहतीस किंवा नव्व्याण्णव, जपमाळेचे एकशे आठ. कुएनं वीसच गाठींवर भागवलं आणि त्यातून देवाचं नाव काढून घेतलं, एवढाच काय तो फरक!

पहिल्या महायुद्धात होरपळलेल्या युरोपला असं काहीतरी हवंच होतं. १९२२ साली कुएचं पुस्तक इंग्रजीत आलं, १९२३ मध्ये त्याची अमेरिकेत भाषणं झाली. लोकांनी गर्दी केली, वर्तमानपत्रांनी चेष्टाही केली. १९२६ मध्ये तो वारला. पण आज व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात आरशासमोर उभं करून 'मी करू शकतो' असं म्हणायला लावतात, त्याचं मूळ शोधत गेलात तर वाटेत कुठेतरी हा औषधवाला भेटतोच.

त्याचा मुख्य मुद्दा मात्र चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली की जिंकते कल्पना, असं तो म्हणे. त्यासाठी फळीचं उदाहरण देई. तीस फूट लांब आणि एक फूट रुंद फळी जमिनीवर ठेवा. कुणीही तिच्यावरून चालत जाईल. तीच फळी चर्चच्या मनोऱ्यांच्या उंचीवर टाका. दोन पावलांत पाय लटपटतील, कारण मनानं आधीच पडून दाखवलेलं असतं. आता, ही फळी कुएच्या मालकीची नाही. सतराव्या शतकात पास्काल या फ्रेंच तत्त्वज्ञानं ती कड्यावर टाकली होती. आणि त्याच्याही सहाशे वर्षं आधी बुखाऱ्याकडचा हकीम इब्न सीना यानं आत्म्याविषयीच्या आपल्या ग्रंथात हाच दाखला दिला होता. इब्न सीना १०३७ साली गेला. म्हणजे मनाची ही खोड माणसाला हजार वर्षांपासून ठाऊक आहे. प्रश्न उरतो तो फळीवर उभं असताना स्वतःशी बोलायचं काय, हा.

कुएचं उत्तर होतं, गोड बोलायचं. ते कुणाला लागू पडतं? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ठराविक वेळानं घंटा वाजायची, आणि ती वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य मनाशी म्हणायचं. ज्यांना स्वतःविषयी मुळात बरं वाटत होतं त्यांना थोडं अधिक बरं वाटलं. ज्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता त्यांना मात्र आधीपेक्षा वाईट वाटलं! ज्याच्यासाठी औषध काढलं त्यालाच ते बाधलं. याचं मला नवल वाटत नाही. मन काही बहिरं नसतं. आपण एक गोड वाक्य म्हणतो, आणि आतून कुणीतरी लगेच विचारतं, 'कशावरून?' विश्वास नसलेल्या माणसाकडे त्या 'कशावरून'ला द्यायला काही नसतं.

स्वतःशी बोलणाऱ्या जुन्या माणसांची रीत निराळी होती. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस १६१ ते १८० या काळात राज्यावर होता. त्यातली बरीच वर्षं डॅन्यूब नदीकाठच्या लढायांत गेली. छावणीत बसून तो ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणं लिहायचा. त्यात तो पुष्कळदा स्वतःला 'तू' म्हणतो. सकाळी उठताना हा राजा स्वतःला काय सांगतो, तर आज तुला कृतघ्न, उद्धट, कपटी माणसं भेटणार आहेत, तयार राहा! यात गोड काही नाही. पण दिवस तसाच गेला तर मन खोटं पडत नाही.

आपल्याकडे समर्थ रामदासांनी दोनशे पाच श्लोक मनाला उद्देशून लिहिले. मनाला ते 'सज्जन' म्हणतात. आधी त्याला चांगलं म्हटलं, मग त्याचे दोष काढले. मास्तर चांगला असला की असंच करतो. तुकाराम महाराज तर स्वतःशी भांडतात, स्वतःला दूषणं देतात, आणि मग समजूतही घालतात. १६३० च्या दुष्काळात ज्याच्या घरातली माणसं गेली, तो 'सगळं छान चाललं आहे' असं कुठल्या तोंडानं म्हणणार? पण त्याच माणसानं स्वतःवरचा असा भरवसा मिळवला की त्याचा शब्द अजून खाली पडलेला नाही.

या सगळ्यांत एक साधी युक्ती आहे, नाव घेण्याची. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' येतं. 'मी म्हणतो' नाही. कवी स्वतःपासून पाऊलभर बाजूला होतो आणि स्वतःकडे शेजाऱ्यासारखा पाहतो. आमच्या गझलेत शेवटच्या शेरात कवीचं नाव येतं, त्याला मक्ता म्हणतात. मक्त्यात शायर स्वतःला हाक मारतो आणि विचारतो, बाबा रे, तुझं काय चाललंय? गालिबनं तर स्वतःची थट्टा करण्यासाठी ही जागा राखूनच ठेवली होती. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी दाखवलं, की भाषणापूर्वी घाबरलेल्या माणसानं 'मी'ऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून मनाशी विचार केला, तर त्याची घालमेल कमी होते आणि भाषणही अधिक चांगलं होतं. अभंग आणि गझल लिहिणाऱ्यांनी हे प्रयोगशाळेची वाट न पाहता केलं, याचा एक कवी म्हणून मला थोडा गर्व वाटतो. तो माफ व्हावा.

श्रीगोंद्याचे शेख महंमद यांची इथे आठवण होते. मराठीतले मोठे संतकवी. त्यांच्या ग्रंथाचं नाव 'योगसंग्राम', म्हणजे लढाई बाहेर कुठे नाही, आत आहे. 'अविंध' हा शब्द त्या काळी मुसलमानाला दुरून दाखवण्याचा. शेख महंमद तो स्वतःच उचलतात आणि स्वतःच्या नावापुढे लावतात. लोकांनी दिलेलं नाव आपण होऊन घेतलं की त्याचा काटा बोथट होतो. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांना त्यांनी ही वाट किती सोपी करून दिली, ते आमचं आम्हालाच ठाऊक.

आणि चोखोबा. मंदिरात पाऊल टाकण्याची मनाई, अंगावर पडेल ते काम. १३३८ साली मंगळवेढ्याला भिंतीचं काम करताना ती कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी झाली तीही पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराबाहेरच. अशा माणसाला वीस गाठींची दोरी देऊन 'माझं दिवसेंदिवस बरं चाललं आहे' असं म्हणायला सांगणं ही क्रूर थट्टा झाली असती. त्यांनी तसं म्हटलंही नाही. जे सोसलं ते सांगितलं, देवाला जाब विचारला, आणि प्रत्येक वेळी शेवटी आपलं नाव लावलं. ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. मधल्या सहाशे वर्षांत ज्यांना आत जाता येत नव्हतं त्यांनी 'चोखा म्हणे' हे दोन शब्द तोंडात धरून ठेवले. १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखोबा आहेत.

त्यांची पत्नी सोयराबाई. तिचे थोडेच अभंग आपल्यापर्यंत आले. विटाळाचा प्रश्न घेऊन ती थेट देहाच्या जन्मापर्यंत जाते, आणि त्यातून सुटलेला एक तरी देह दाखवा, असं शास्त्र सांगणाऱ्यांना विचारते. शेवटच्या चरणात सही करताना ती बऱ्याचदा स्वतःचं नावही घेत नाही. 'चोख्याची महारी' एवढंच म्हणते. जात नवऱ्याची, ओळख नवऱ्याची. पण त्याच्या आधीचं क्रियापद तिनं सोडलेलं नाही. म्हणे. चोख्याची महारी म्हणे.