जकातनाक्यावर अडलेली शर्यत

८ जुलै १९९८ च्या पहाटे, बेल्जियमची सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये शिरू पाहणारी, फेस्टिना या घड्याळाच्या कंपनीच्या सायकल-संघाचे नाव अंगावर मिरवणारी एक मोटार लील शहराजवळ जकातीच्या अंमलदारांनी थांबविली, तिची झडती घेतली, आणि आतून निघालेल्या निषिद्ध औषधांची मोजदाद करता ती चारशे मात्रांच्या वर गेली. मोटार हाकणारा विली व्होएट हा काही चोरटा व्यापारी नव्हता. खेळाडूंचे अंग रगडून देणारा, त्यांच्या खाण्यापिण्याची तजवीज ठेवणारा तो संघाचा इमानी नोकर होता. तीनच दिवसांनी आयर्लंडमधील डब्लिनहून ‘टूर द फ्रान्स’ सुरू व्हावयाची होती. आपल्याच घरातील जी गोष्ट या शर्यतीने पंचाण्णव वर्षांत कधी डोळे उघडून पाहिली नव्हती, ती तिला अखेर नाक्यावरच्या एका पंचनाम्याने दाखविली.

शर्यतीचा जन्मच मुळी ‘लोटो’ या क्रीडा-वृत्तपत्राचा खप वाढविण्यासाठी झालेला. संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ साली २,४२८ किलोमीटरची वाट अवघ्या सहा टप्प्यांत वाटून दिली. त्यामुळे खेळाडूंना रात्रीच्या रात्री अंधारात सायकल हाकावी लागे, आणि निघालेल्या साठांपैकी एकवीसच जण परतले. पहिला आला तो मोरीस गारँ, धुराडी साफ करून पोट भरलेला गडी. दुसऱ्याच वर्षी गारँसह पहिल्या चौघांना लबाडीबद्दल बाद करण्यात आले आणि पाचव्या आलेल्या आंरी कोर्ने या एकोणीस वर्षांच्या पोराला विजय बहाल झाला. माणसाच्या शक्तीपलीकडचे काम त्याच्या गळ्यात बांधावयाचे आणि ते त्याने कशाच्या बळावर पार पाडले याची चौकशी करावयाची नाही, हा या शर्यतीचा अलिखित करार होता, असे मला वाटते. १९२४ साली, आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस हे व्यवस्थापकांशी तंटा करून कुतांस येथे शर्यत सोडून बसले, तेव्हा त्यांनी आल्बेर लोंद्र या पत्रकारापुढे आपल्या पिशव्या उघडल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्यांच्या डब्या. सुताराने आपली हत्यारे दाखवावीत तितक्या सहजतेने त्यांनी ती दाखविली, आणि त्यात लपविण्यासारखे काही आहे असे त्या काळी कायद्यालाही वाटत नव्हते.

तसे वाटावयास १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्सने उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. पुढल्या वर्षी बोर्दो मुक्कामी खेळाडूंची पहिली तपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळा ताफा निषेधार्थ सायकलींवरून उतरून पायी चालू लागला! १३ जुलै १९६७ रोजी मों व्हांतूच्या उघड्याबोडक्या, तापलेल्या चढणीवर टॉम सिम्प्सन हा एकोणतीस वर्षांचा इंग्रज खेळाडू कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन आढळले. आज त्या ठिकाणी त्याचे स्मारक आहे.

आपल्या वृत्तपत्रांनी या सर्व प्रकाराला ‘उत्तेजक’ हा एकच शब्द रूढ केला आहे. तो कोकेनला शोभतो, ॲम्फेटामाइनलाही शोभतो, पण व्होएटच्या मोटारीत सापडलेल्या ‘ईपीओ’ला मुळीच लागू पडत नाही. ते मनाला चेतवीत नाही. ते रक्तातील तांबड्या पेशी वाढविते, त्यायोगे स्नायूंना अधिक प्राणवायू पोहोचतो, आणि प्रमाण सुटले तर रक्त दाट होऊन हृदयावर बेतते. १९९८ साली ते लघवीच्या तपासणीत ओळखता येत नव्हते. म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने आदल्या वर्षी एवढाच दंडक घातला होता की रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण शेकडा पन्नासाच्या वर जाता कामा नये; म्हणजे पन्नासापर्यंत पोहोचण्याचा जणू परवानाच दिला होता.

व्होएटच्या जबानीमागोमाग संघाचा व्यवस्थापक ब्रुनो रूसेल यानेही कबुली दिली की औषधे संघाच्याच व्यवस्थेने, वैद्यकीय देखरेखीखाली दिली जात. १७ जुलैला फेस्टिनाची हकालपट्टी झाली आणि प्रेक्षकांचा लाडका रिशार व्हिरांक कॅमेऱ्यांसमोर रडला. मग पोलिसांच्या धाडी सुरू झाल्या. खेळाडू एकदा रस्त्यातच ठाण मांडून बसले; २९ जुलैला त्यांनी पाठीवरचे क्रमांक फाडून टाकले व तो टप्पाच रद्द झाला; स्पॅनिश संघ घरी निघून गेले. १८९ निघाले होते, पॅरिसला ९६ पोहोचले. त्यांचा राग औषध देणाऱ्यांवर नव्हता, झडती घेणाऱ्यांवर होता, ही गोष्ट मला त्या चारशे मात्रांहून अधिक बोलकी वाटते.

लीलच्या न्यायालयात २००० साली खटला उभा राहिला. दोन वर्षे इन्कार करीत आलेल्या व्हिरांकने तेथे कबुली दिली. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, आणि शिक्षा झाल्या त्या व्होएट, रूसेल आदी मंडळींना, त्याही स्थगित. या प्रकरणाच्या धक्क्यातूनच १९९९ च्या अखेरीस ‘वाडा’ ही जागतिक संस्था निघाली. त्याच वर्षीची टूर नव्या, निर्मळ पर्वाची म्हणून गाजविण्यात आली, आणि ती जिंकली लान्स आर्मस्ट्राँगने.

१९९८ चा विजेता मार्को पांतानी २००४ साली रिमिनीच्या एका हॉटेलात मरण पावला. त्याचे त्या शर्यतीच्या वेळचे नमुने पुढे तपासता ईपीओयुक्त निघाल्याचे फ्रेंच सिनेटच्या चौकशी-समितीने २०१३ साली जाहीर केले. तरी त्याचे नाव दफ्तरात कायम आहे. आर्मस्ट्राँगचे सातही विजय २०१२ साली रद्द झाले. १९०४ साली चौघांना काढून पाचव्याला तरी विजय देता आला होता. १९९९ ते २००५ या सात वर्षांच्या विजेत्याचा रकाना मात्र कोरा ठेवण्यात आला आहे.