किळस कोण शिकवते?

चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला गेला होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या टिएरा डेल फ्युएगो या भागात, उघड्यावरच्या मुक्कामात तो टिकवलेले थंड मांस खात बसला होता. तिथल्या एका रहिवाशाने ते बोटाने चाचपून पाहिले. त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली, ती चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. इकडे डार्विनलाही किळस आली. मात्र मांसाची नव्हे, तर एका उघड्या ‘रानटी’ माणसाने आपल्या अन्नाला हात लावला याची. माणसांच्या व प्राण्यांच्या भावना कशा व्यक्त होतात यावरच्या १८७२ सालच्या ग्रंथात डार्विनने हा प्रसंग दिला आहे. त्या माणसाचे हात अस्वच्छ दिसत नव्हते, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. आमच्या मते सगळ्या प्रसंगात हीच नोंद सर्वांत महत्त्वाची आहे.

डार्विनचा स्वतःचा विचार जिभेपासून सुरू होतो. ‘डिस्गस्ट’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच चवीला नकोसे असा आहे. नाक आक्रसणे, वरचा ओठ उचलला जाणे, थुंकल्यासारखे करणे या हालचाली तोंडातला वाईट घास बाहेर टाकण्याच्या क्रियेतून आल्या, असे त्याने मांडले. (आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने जुगुप्सेला बीभत्स रसाचा स्थायीभाव मानून ही भावना केव्हाच रंगभूमीवर आणली होती.) पण नुसत्या चवीने कोडे सुटत नाही. कारल्याची चव कडू असते, पण त्याची किळस येत नाही. उलट झुरळाची चव कुणीच घेतलेली नसते!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५५ मध्ये सुचवलेला एक प्रयोग वर्गात नुसत्या कल्पनेने करता येतो. तोंडातली लाळ गिळा. आता तीच लाळ पेल्यात थुंकून मग प्यायची आहे, अशी कल्पना करा. मुले लगेच तोंडे वेडीवाकडी करतील. लाळेत काहीच बदललेले नाही. फक्त तिची जागा बदलली. डोक्यावरचा केस आणि आमटीतला केस यांच्यातही एवढाच फरक आहे. घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेली वस्तू, ही कल्पना मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये सविस्तर मांडली, तिचा रोख याच अनुभवाकडे होता.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पॉल रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये खरे प्रयोगही केले. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून काढले, तर तो रस लोकांना नकोसा झाला. झुरळ निर्जंतुक आहे हे त्यांना माहीत होते, तरीही. चॉकलेटच्या मिठाईला कुत्र्याच्या विष्ठेचा आकार दिला, तेव्हा ती खाण्याची इच्छा कमी झाली. एक सदराही होता. न आवडणाऱ्या व्यक्तीने तो घातला होता, मग तो धुतला होता. तरी लोकांना तो अंगात घालावासा वाटेना. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझर यांनी १८९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल्डन बाऊ’त जादूटोण्याचा एक नियम सांगितला होता: एकदा संपर्क आला की तो तुटत नाही. तोच नियम विद्यापीठात शिकलेल्या माणसांच्या मनातही जिवंत होता.

हे सारे जन्मजात असते का? कडू चवीला तोंड वाकडे करणे जन्मजात आहे. नवजात बाळही ते करते. पण रोझिन यांच्याच गटाने लहान मुलांपुढे शेंगदाण्याचे लोणी व उग्र वासाचे चीज यांपासून केलेली नकली विष्ठा ठेवली, तेव्हा दोन वर्षांच्या आसपासच्या बऱ्याच मुलांनी ती खुशाल तोंडात घातली. ‘शी! टाक ते!’ हा धडा मोठ्यांकडूनच मिळतो, आणि त्यातला बराचसा शब्दांतून नव्हे तर आईबापांच्या चेहऱ्यावरून.

हा धडा निरुपयोगी नाही. लंडनच्या आरोग्यविज्ञान संस्थेतील व्हॅलेरी कर्टिस यांनी २००४ मध्ये सुमारे चाळीस हजार लोकांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीतल्या दोन चित्रांपैकी रोगाची शंका आणणारे चित्र लोकांना अधिक किळसवाणे वाटे. निळसर द्रवापेक्षा पू-रक्तासारखा द्रव अधिक, निरोगी चेहऱ्यापेक्षा तापलेला, पुरळ आलेला चेहरा अधिक. विष्ठा, पू, कुजलेले मांस यांपासून दूर राहणारे पूर्वज अधिक जगले असतील, हे पटण्यासारखे आहे.

मात्र हा पहारेकरी अर्धा आंधळा आहे. कोख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू शोधले. असे जंतू असलेले पाणी दिसायला नितळ असू शकते आणि माणूस ते न बिचकता पितो. जंतू दिसत नाहीत. दिसतो तो स्पर्श. म्हणून किळस जंतूंचा नव्हे, तर स्पर्शाचा हिशेब ठेवते, आणि कोणाचा स्पर्श मोजायचा हे समाज ठरवतो. डार्विनचा घास याच हिशेबाने बाटला होता.

आपल्याकडे याला विटाळ म्हणत. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून सर्वांना खुले केले होते, तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी भरता येत नव्हते. मुसलमान तिथे पाणी भरू शकत, जनावरेही पाणी पीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. त्या दिवशी त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली: दही, दूध, शेण आणि गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी, सोबत मंत्र. शेण आणि मूत्र पाण्यात मिसळायला ज्यांना किळस आली नाही, त्यांना माणसाच्या ओंजळीची आली. जंतुशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात या उलट्या क्रमाचे कारण सापडणार नाही.

प्रकरण न्यायालयात गेले. या तळ्यावरून अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला, तो १९३७ साली. ओंजळभर पाण्यानंतर दहा वर्षांनी.