स्कूटरचा स्टार्टर, बॅटरीवरील ताण आणि रिलेचे कार्य

लखनौ शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या मार्गावर चिनहट हा परिसर आहे. ३० जून १८५७ रोजी येथे झालेल्या लढाईमुळे त्याचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. चकचकीत लेपाच्या मातीच्या भांड्यांसाठीही तो ओळखला जातो आणि टाटा मोटर्सचा व्यापारी वाहनांचा कारखानाही याच भागात आहे. डिसेंबर-जानेवारीत येथे दाट धुके पडते आणि पारा बराच खाली येतो. अशा सकाळी कामावर निघालेल्या स्कूटरस्वाराने स्टार्टरचे बटण दाबावे आणि इंजिनाऐवजी केवळ ‘टक-टक’ असा आवाज यावा, हा प्रसंग उत्तर भारतात नवा नाही. पुणे-नाशिककडच्या थंडीतही तो येतोच. दोष बॅटरीचा समजून ती तत्काळ बदलली जाते. मात्र पुष्कळदा खरा दोष बॅटरी आणि स्टार्टर मोटर यांच्या मध्ये असलेल्या एका छोट्या उपकरणात, म्हणजे रिलेमध्ये किंवा त्याच्या जोडण्यांमध्ये असतो.

स्कूटर आणि लखनौ यांचे नाते जुने आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने इटलीतील लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन लखनौच्या सरोजिनीनगर भागात कारखाना उभारला. तेथील ‘विजय सुपर’ देशभर धावली. त्याआधी १९५० च्या दशकात मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटाची जुळणी केली होती. लखनौच्या कारखान्यातील स्कूटरचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले, ‘विक्रम’ तीनचाकी पुढेही निघत राहिली आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. या पिढीच्या स्कूटरना बॅटरीची चिंता नव्हती. त्या किकने सुरू होत आणि ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनाला जोडलेला मॅग्नेटो पुरवीत असे.

चित्र बदलले ते १९८० च्या दशकात. पुण्याच्या फिरोदिया समूहाने जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी करून १९८४ मध्ये कायनेटिक होंडा कंपनी स्थापन केली आणि गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी स्कूटर भारतीय रस्त्यावर आणली. किक मारणे ज्यांना जड जात असे, त्या अनेक स्त्रिया आणि वयस्कर मंडळी यांच्यासाठी हे बटण केवळ सोय नव्हते. त्यामुळे त्यांना स्वतःचे वाहन चालविणे शक्य झाले. त्याबरोबरच इंजिन सुरू करण्याचा भार पायावरून बॅटरीवर आला.

हा भार किती, हे साध्या हिशेबाने कळते. स्कूटरची बॅटरी सामान्यतः १२ व्होल्टची आणि ३ ते ५ अँपियर-तास क्षमतेची असते. स्टार्टर मोटर इंजिन फिरवू लागते तेव्हा ४० अँपियर प्रवाह घेते असे धरू. स्थिर मोटर हलण्याच्या पहिल्या क्षणी तो याहूनही अधिक असतो. २ सेकंदांत ८० अँपियर-सेकंद, म्हणजे सुमारे ०.०२२ अँपियर-तास इतकी वीज खर्च होते. ३ अँपियर-तासाच्या बॅटरीच्या दृष्टीने हे एक टक्क्याहूनही कमी आहे. इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांत ही तूट भरून निघते. याचा अर्थ, खर्च होणारी वीज ही अडचण नाही. अडचण आहे ती प्रवाह वाढताच दाब कोसळण्याची. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०२५ ओहम असेल, तर ४० अँपियरला दाब १ व्होल्टने घटतो. जुन्या, थंड पडलेल्या बॅटरीचा रोध ०.०८ ओहमपर्यंत गेला, तर घट ३.२ व्होल्टची होते. मग मोटर जेमतेम फिरते आणि इंधन-इंजेक्शनच्या यंत्रणेलाही पुरेसा दाब मिळत नाही.

रिलेचे काम येथे सुरू होते. तारयंत्राच्या काळात, १८३० च्या दशकात, अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहाचे नियंत्रण करण्याची युक्ती दाखविली. ‘रिले’ हा शब्द मुळात वाटेतील टप्प्यावर थकलेले जनावर बदलून ताजे जोडण्याच्या प्रथेतून आला. आपल्याकडच्या डाकचौकीची आठवण येथे सहज होते. स्कूटरवरील बटण रिलेच्या कॉइलमधून अवघा ३-४ अँपियर प्रवाह सोडते. कॉइल चुंबक बनते, आतील जाड तांब्याचे संपर्क जुळतात आणि बॅटरीचा मोठा प्रवाह थेट मोटरकडे जातो. हाच प्रवाह हँडलवरील बारीक बटणातून नेला आणि त्या वाटेचा रोध ०.०५ ओहम असला, तर २ व्होल्ट वाटेतच नष्ट होतील आणि ८० वॉट उष्णता बटण व तार वितळवू लागेल. रिले बॅटरीजवळ बसविल्याने जाड तार आखूड राहते आणि हा तोटा टळतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रिले मोटरची भूक कमी करत नाही. तो केवळ त्या भुकेसाठी निघालेला घास वाटेत सांडू देत नाही.

बॅटरीचा भार प्रत्यक्ष हलका करणारा प्रकार वेगळा आहे. इंजिन फिरत असताना हेडलाइट तात्पुरता तोडणारा पाच टोकांचा रिले त्यासाठी वापरता येतो. त्याच्या टोकांवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७अ असे क्रमांक असतात. कॉइल ८५ आणि ८६ या टोकांमध्ये असते. दिव्याचा पुरवठा ३० वरून ८७अ कडे नेला, की बटण दाबताच तो खंडित होतो आणि सोडताच पूर्ववत होतो. लाभाचा अंदाज मात्र वास्तवावर घ्यावा. ३५ वॉटचा दिवा सुमारे ३ अँपियर घेतो. जुन्या बॅटरीवर त्याने दाबात जेमतेम पाव व्होल्टचा फरक पडतो. सुदृढ बॅटरीला हा फरक जाणवणारही नाही. काठावर आलेल्या बॅटरीला मात्र तो कधीकधी तारून नेतो. त्यापेक्षा इंजिन बंद असताना दिवा ५ मिनिटे जळत राहिला, तर पाव अँपियर-तास, म्हणजे लहान बॅटरीची ८ टक्के शक्ती जाते. तो तोटा मोठा आहे.

शिवाय अनेक स्कूटरचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट मॅग्नेटोच्या प्रत्यावर्ती विजेवर चालतो. तेथे असा रिले निरुपयोगी होय. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना इंजिन चालू असताना दिवा आपोआप लागण्याचा नियम आला. त्यामुळे वायरिंग न तपासता कोणताही बदल करणे योग्य नाही. जादा रिले बसवायचाच झाल्यास त्याच्या पुरवठ्याला योग्य फ्यूज हवा. स्टार्टरची जाड तार बहुधा मुख्य फ्यूजच्या बाहेरून जाते. तिचे आवरण घासले गेल्यास आग लागू शकते.

तपासणी सोपी आहे. वारंवार टक-टक आवाज येतो तेव्हा कॉइल ओढली जाते, मोटरच्या भाराने दाब कोसळतो, कॉइल सुटते आणि दाब पुन्हा चढतो. असे चक्र चालते. हे उतरलेल्या बॅटरीचे किंवा गंजलेल्या टोकांचे लक्षण आहे. एकच ‘टक्’ आवाज येऊन शांतता पसरली, तर रिलेचे संपर्क जळलेले किंवा मोटर अडकलेली असू शकते. इंजिन फिरवताना रिलेच्या दोन जाड टोकांमधील दाब मीटरने मोजावा. तो ०.३ व्होल्टपेक्षा अधिक भरल्यास रिले बदलणे हिताचे. नवी बॅटरी त्यापेक्षा कितीतरी महाग पडते. काही तास उभ्या असलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा आणि १२ व्होल्ट दिसल्यास ती जवळपास रिकामी समजावी. बटण एका वेळी ५ सेकंदांहून अधिक दाबू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये १०-१५ सेकंदांची विश्रांती द्यावी. किक उपलब्ध असल्यास थंडीतील पहिली सुरुवात तिनेच करणे उत्तम. काही नव्या स्कूटरना मात्र किकच नसते.

अलीकडे स्टार्टर आणि वीजनिर्मिती करणारे यंत्र एकत्र आणण्याची पद्धत आली आहे. २०२० मध्ये आलेल्या होंडा अ‍ॅक्टिव्हाच्या सहाव्या आवृत्तीत अशी रचना आहे. इंजिनाच्या दांड्यावरील जनित्रच सुरुवातीला मोटर म्हणून फिरते, त्यामुळे दातेरी चाकांचा खरखराट होत नाही. जाड प्रवाहाची उघडझाप तेथे तांब्याच्या संपर्कांऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. जळणारे संपर्क गेले, तरी बॅटरीची टोके स्वच्छ आणि घट्ट ठेवण्याची गरज तिथेही तशीच आहे.