धुळीतलं सोनं कुणाचं?

वरणगावात बोलायचं म्हणजे आम्हाला जरा जपूनच बोलावं लागतं, कारण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आम्हाला अर्ध्या चड्डीत भोगावतीच्या पात्रात उड्या मारताना पाहिलेलं आहे. आजचा विषयही त्या वाळूतूनच निघाला आहे.

झालं असं, की परवा आमच्या नातवाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला समुद्रकिनारा. एक गृहस्थ भोकं पाडलेलं लांब दांड्याचं फावडं घेऊन वाळू उपसतोय, हलवतोय, वाळू गळून जातेय आणि वर उरतेय ती कुणाची तरी हरवलेली अंगठी. नातू म्हणाला, "आजोबा, काय भारी आयडिया आहे ना!" आम्ही म्हटलं, अरे, ही आयडिया आपल्या सराफ बाजाराच्या गटारीत कित्येक पिढ्या चालत आली आहे. त्याला ते खरं वाटेना. म्हणून आम्ही पुस्तकं काढून बसलो, आणि त्यातून हे व्याख्यान झालं.

आधी एक साधी गोष्ट बघू. आपल्या बायाबापड्या धान्य निवडताना चाळतात आणि पाखडतात. या दोन क्रिया एक नव्हेत. चाळणीला कळतो तो फक्त आकार: लहान ते खाली, मोठे ते वर. सुपाला कळतं वजन. समुद्रावरचा तो गृहस्थ फक्त चाळतो. अंगठी भोकापेक्षा मोठी असते म्हणून त्याचं भागतं. पण सोनाराच्या कानशीतून पडलेला सोन्याचा कीस वाळूपेक्षाही बारीक असतो. तो चाळणीतून सरळ खाली जातो. तिथे पाणीच लागतं. वाळू पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड, शुद्ध सोनं 19.3 पट. सपाट भांड्यात धूळ आणि पाणी घेऊन गोल हेलकावे दिले, की हलकं काठावरून वाहून जातं आणि जड तळाशी बसतं.

हे ज्यांच्या हाताला कळत होतं त्यांना मराठीत झारेकरी म्हणतात. झारा म्हटलं की आजच्या मुलींना भजी तळण्याचा झारा आठवतो, झारेकरी कुणाला आठवत नाही. याच धंद्यातल्या मुसलमानांना धूळधोये म्हणत. पूर्वेकडे मंडला, बालाघाट, चांदा भागात नदीच्या वाळूतून सोनं धुणारे सोनझरा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात त्यांची नोंद आहे.

पण याहून जुना पुरावा अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त आहे. टांकसाळीत कोण कोण कामाला असतं, याची त्याने यादीच दिली आहे. त्यात 'नियारिया' आहे आणि 'खाकशोय' आहे. खाक म्हणजे धूळ, शोय म्हणजे धुणारा. आपला धूळधोया हा त्याचा जुळा भाऊच म्हणायचा. हा खाकशोय टांकसाळीतली झाडलोट घरी नेतो, धुतो, त्यातून चांगली कमाई करतो आणि सरकारात दरमहा ठरलेली रक्कम भरतो, असं अबुल फजल सांगतो. म्हणजे बादशहाने धुळीवरही कर बसवला होता. आता हे दिल्ली-आग्र्याचं झालं असं समजू नका. 1601 मध्ये असीरगड पडला, खानदेश मोगलांकडे गेला आणि बुऱ्हाणपुरातही मोगलांची टांकसाळ चालली. बुऱ्हाणपूर आपल्यापासून किती लांब? भुसावळहून गाडीत बसलं की तासा-दीड तासात. पुढे मराठेशाहीत चांदवडची टांकसाळ होती, तिचा चांदवडी रुपया आपल्याकडेही चाले. जिथे टांकसाळ आणि सराफा, तिथे धूळ असणार, आणि धूळ आली की ती धुणारा आलाच.

झारेकऱ्याचं काम मोठं चिवट. सोनाराच्या दुकानातला केर, शेगडीची राख, फुटक्या मुशींचे तुकडे, जुनं बसकर, हात धुतलेलं पाणीसुद्धा. जळेल ते आधी जाळायचं, उरलेलं कुटायचं, चाळायचं, मग धुवायचं. तळाशी उरलेल्या काळ्या गाळात पारा घालून चोळायचा. पारा सोन्याला धरतो, मातीला धरत नाही. मग फडक्यातून पिळायचं आणि पाऱ्याचा गोळा तापवायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. चांदी वेगळी करायला तेजाब, आणि शेवटी टाकणखार घालून आटवणी. उडून गेलेला पारा जातो कुठे? चुलीशी बसलेल्या बाईच्या छातीत. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार 2013 मध्ये झाला, भारताने तो 2018 मध्ये मान्य केला. तोवर किती पिढ्यांनी हा धूर घेतला, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता आम्हाला ज्याचं खरं कुतूहल वाटतं तिकडे येतो. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, त्यामुळे सोनं सापडलं यापेक्षा ते कुणाचं झालं, हा प्रश्न आम्हाला जास्त छळतो.

गौतमाच्या धर्मसूत्रात मालकी येण्याचे मार्ग सांगितले आहेत: वारसा, खरेदी, वाटणी, बेवारस वस्तू घेणे आणि सापडणे. शेवटच्याला 'अधिगम' असा शब्द आहे. म्हणजे सापडण्याला शास्त्राने मान दिला आहे. पण तीच वस्तू कुणाची तरी हरवलेली असेल तर? मनू म्हणतो, राजाने ती तीन वर्षं सांभाळावी. याज्ञवल्क्य म्हणतो, एक वर्ष. आपल्याकडच्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत मोठा वाद घातला आहे, की मालकी ही शास्त्राने ठरते की लोकव्यवहाराने. त्याचं उत्तर: लोकव्यवहाराने. शेकडो वर्षांपूर्वी हे म्हणणं धाडसाचंच होतं. इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेत तर उदाहरणच होतं: हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण मालक कोण हे कळण्यासारखं असताना शोध न घेता वस्तू स्वतःची केली, तर गुन्हा. 1872 चा करार कायदा सापडलेली वस्तू जपण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकतो.

झारेकऱ्याने यातून काय वाट काढली बघा. तो आधी धूळच विकत घेतो! दुकानदाराशी सौदा ठरतो, धूळ निघायच्या आत पैसे मोजले जातात. आत तोळा निघो नाहीतर नुसती राख निघो. त्यामुळे त्याचं सोनं 'सापडलेलं' नसतंच, ते खरेदीचं असतं. त्याला कुणी चोर म्हणू शकत नाही. म्हणूनच, आम्हाला वाटतं, हा धंदा सराफाच्या दाराशी इतका काळ टिकला.

नदीत मात्र ही सोय नाही. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर महाशिवरात्रीला यात्रा भरते. लोक पाण्यात पैसे टाकतात, स्नानात कुणाचं डोरलं निसटतं. यात्रा उठली की पोरं वाळू चाळायला बसत. 1940 पर्यंतचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यासाठी दिवस घालवणं परवडे. पुढे अल्युमिनियमची पैसे-दोन पैशांची नाणी आली आणि चाळण्यात काही राम उरला नाही. 1988 पासून पोलादी नाणी निघाली, 1992 मध्ये रुपयाही पोलादी झाला. मग दोरीला लोहचुंबक बांधलेली पोरं घाटावर दिसू लागली. चुंबकाला नाणं धरतं, पण सोनं धरत नाही. म्हणजे नवं अवजार आलं आणि मौल्यवान तेवढं वाळूतच राहू लागलं! त्यात 1982 मध्ये हतनूरचं धरण पूर्ण झालं, फुगवटा संगमापर्यंत गेला. आमच्या लहानपणीची ती वाळू आता पाण्याखाली आहे.

स्मशानातली राख सोन्यासाठी चोरीला गेल्याच्या बातम्या अलीकडे आपल्या जिल्ह्यातूनही आलेल्या तुम्ही वाचल्या असतील. त्यावर आज बोलत नाही. तिथे खरेदी नाही, अधिगमही नाही. एवढंच म्हणतो.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. 1959-60 ची असेल, आम्ही नऊ-दहा वर्षांचे. आईची नथ हरवली. सगळं घर उलटंपालटं केलं. धुण्याभांड्याला एक बाई येत, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. कुणीतरी आम्हाला विचारलं, देवघराशी कोण होतं रे? आम्ही म्हणालो, मावशी होत्या. त्या होत्याच, रोज झाडायला जात. आम्ही खोटं बोललो नाही. पण विचारणाऱ्याला काय ऐकायचं आहे ते आम्हाला कळलं होतं, हेही खरं. दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी सोनार आळीत एक झारेकरी जोडपं आलं. वडिलांनी त्यांना बोलावलं, मागच्या अंगणातला उकिरडा दाखवला. त्यांनी अट घातली: निघो न निघो, दोन रुपये आणि पायलीभर ज्वारी. दोन दिवस ती दोघं विहिरीशी बसून राख धूत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईने ओल्या तळहातावर नथ ठेवून आईसमोर धरली. मोती काळे पडले होते. चुलीच्या राखेबरोबर बाहेर गेली असावी. वडील आणखी पाच रुपये देऊ लागले, झारेकऱ्याने घेतले नाहीत. ठरलं तेवढंच, म्हणाला.

संध्याकाळी आई आम्हाला घेऊन मावशींच्या घरी गेली. मावशी दारातच भाकऱ्या थापत होत्या. आईने नथ दाखवली, उद्यापासून या म्हणाली. मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ द्या वहिनी. सापडलं ना तुमचं?" मग आमच्याकडे बघून त्यांनी एक भाकरी पुढे केली. आम्ही ती घेतली.